संस्थेत प्रिंटची नोंद ठेवणारी आणि कार्ड दाखवल्यावरच कागद देणारी व्यवस्था: आधी काय बसवावे?

अंत्रुजकर

नमस्कार मंडळी.

फोंडा तालुक्यातील एका शिक्षणसंस्थेचा संगणक विभाग मी सांभाळतो. उच्च माध्यमिक विद्यालय, महाविद्यालय आणि मुख्य कार्यालय अशा तीन इमारती, सुमारे १८० कर्मचारी, २२ प्रिंटर, आणि हे सगळे पाहायला आम्ही दोघे.

गेल्या सत्रात एके सकाळी आमच्या शिपाईकाकांनी काही कागद माझ्या टेबलावर आणून पालथे ठेवले. वर हजेरीपटाची तीन पाने, तळाशी कोणाचे तरी रेल्वेचे तिकीट आणि मध्ये पुढच्या आठवड्यातल्या अंतर्गत परीक्षेची प्रश्नपत्रिका. ती रात्रभर कॉरिडॉरमधल्या यंत्राच्या ट्रेमध्ये पडून होती. ज्या प्राध्यापकांनी ती पाठवली त्यांच्या संगणकावर चुकून कॉरिडॉरचा प्रिंटर निवडलेला राहिला होता. आपल्या खोलीतल्या यंत्रातून काही येईना म्हणून त्यांनी ती दुसऱ्यांदा पाठवली, कागद हाती आले आणि पहिल्या प्रतीचा त्यांना विसर पडला. यात त्यांचा दोष मला दिसत नाही, कारण आमच्याकडे कागद आधी बाहेर पडतो आणि माणूस मागाहून पोहोचतो. प्रश्नपत्रिका नव्याने काढावी लागली.

व्यवस्थापन समितीने सॉफ्टवेअर घेण्याचा ठराव केला, पण त्या ठरावात दोन हेतू एकत्र आले आहेत. माणूस यंत्रासमोर उभा राहून कार्ड दाखवील तेव्हाच कागद बाहेर यावा, असे प्राचार्यांना वाटते. खजिनदारांना हिशेब हवा आहे: कोणी किती पाने काढली, त्यांतली रंगीत किती, एका बाजूवर छापलेली किती. बाजारातली बहुतेक सॉफ्टवेअर दोन्ही कामे करतात. तरी ती एकाच दिवशी सुरू करावीत का, अशी शंका माझ्या मनात आहे. शिक्षकांच्या खोलीत 'आता आमच्यावर पाळत ठेवणार' ही चर्चा आतापासूनच सुरू झाली आहे. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी आधी काय करावे, नंतर काय करावे आणि कुठे ठेच लागते, हे कृपया सांगावे.

बार्देशकर

म्हापशातील एका पतसंस्थेत मी हे काम केले आहे. पहिली ठेच लागते ती प्रिंटरच्या थेट जोडणीमुळे.

आम्ही सर्व्हरवर क्यू (छपाईच्या कामांच्या रांगा) तयार केल्या, सॉफ्टवेअर बसवले आणि महिनाभराने अहवाल उघडला, तर कर्ज विभागाच्या नावावर जवळजवळ काहीच पाने नव्हती. त्या विभागात दिवसभर फायली तयार होतात हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे मी तिथे जाऊन एकेक संगणक पाहिला. पूर्वीच्या कोणा तंत्रज्ञाने त्या संगणकांवर प्रिंटर थेट आयपी पत्त्याने (नेटवर्कवरील त्याच्या क्रमांकाने) जोडून दिला होता, त्यामुळे काम सर्व्हरकडे न येता ९१०० या पोर्टवरून (यंत्रात काम शिरण्याच्या दारातून) सरळ यंत्रात उतरत होते. सॉफ्टवेअरला दिसते ते त्याच्या सर्व्हरवरून गेलेले काम. बाकीच्या कामाचा त्याला पत्ताही नसतो.

यावर उपाय प्रिंटरमध्येच आहे. प्रत्येक यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन, काम फक्त प्रिंट सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून आले तरच स्वीकारावे, असे बंधन घाला. केवळ ९१०० बंद करून भागत नाही. ५१५ आणि ६३१ ही दारेही उघडी असतात. जमल्यास सगळे प्रिंटर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र भागात) ठेवा. यंत्राच्या वेबपानाचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच राहिला असेल तर तो त्याच दिवशी बदला, नाहीतर तुम्ही घातलेले बंधन कोणीही पाच मिनिटांत काढून टाकील.

आणखी एक गोष्ट. पासबुक छापणारी यंत्रे आम्ही या व्यवस्थेतून पूर्णपणे बाहेर ठेवली. तिथे पान हे मापच लागू पडत नाही आणि खातेदार काउंटरपलीकडे उभाच असतो.

सांजवेळ

मी मडगावातील एका महाविद्यालयात शिकवते आणि माझे मत स्पष्टपणे मांडते, कारण आमच्याकडे हे चुकीच्या क्रमाने झाले. आधी हिशेब आला आणि सुरक्षितता आलीच नाही. महिन्याच्या शेवटी कार्यालयाच्या फलकावर नावानिशी यादी लागली. सर्वांत वर एका प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचे नाव होते. त्यांनी पाच तुकड्यांच्या विद्यार्थ्यांसाठी प्रयोगांच्या सूचना छापल्या होत्या, पण यादीत कारणाचा रकाना नव्हता. त्यानंतर त्यांनी छापणे बंद केले आणि विद्यार्थ्यांना झेरॉक्सच्या दुकानात पाठवायला सुरुवात केली. संस्थेचा खर्च कमी झाल्याचे दिसले, कारण तो पालकांच्या खिशात गेला.

दुसरे असे की नोंदीत पानांच्या संख्येबरोबर फाइलचे नावही येते. 'बदली अर्ज', 'वैद्यकीय रजा', 'तक्रार – अंतिम' अशी नावे कोणाकोणाच्या नजरेखालून जातात, याचा विचार सॉफ्टवेअर विकत घेताना कोणी केलेला नसतो. अंत्रुजकर, तुमच्या शिक्षकांची शंका रास्त आहे. तिला उत्तर मिळाल्याशिवाय पहिले पानही मोजू नये, असे मला मनापासून वाटते.

अंत्रुजकर

फाइलच्या नावांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. चाचणीसाठी बसवलेल्या प्रतीत आताच पाहिले: नाव पूर्ण दिसते, देवनागरीत असले तरी व्यवस्थित वाचता येते.

वेर्णा_क्यूए

मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करते. आमच्या दृष्टीने प्रिंटवरील नियंत्रणाचा कागद वाचवण्याशी फारसा संबंध नाही, म्हणून थोडे वेगळे मांडते.

औषधाच्या प्रत्येक बॅचची नोंद ज्या कोऱ्या नमुन्यावर होते तो नमुना कोणालाही मनाला येईल तेव्हा छापता आला, तर नको असलेली नोंद फाडून दुसऱ्या प्रतीवर नवी लिहिता येते. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) डिसेंबर २०१८ मध्ये डेटाच्या विश्वासार्हतेविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात कोऱ्या नमुन्यांवर नियंत्रण कसे ठेवावे हा स्वतंत्र प्रश्न आहे. क्रमांक घातलेले संच देणे आणि काम संपल्यावर दिलेल्या व परत आलेल्या प्रतींचा मेळ घालणे हे त्यात येते. म्हणून आमच्याकडे नमुना ठरलेल्या व्यक्तीच छापतात, प्रत्येक पानाच्या तळाशी प्रत क्रमांक, छापणाऱ्याचे नाव आणि वेळ उमटते, आणि पान खराब झाले तर ते खराब पान जमा केल्याशिवाय दुसरे मिळत नाही.

तुमच्या प्रश्नपत्रिकेचे स्वरूप मला याच जातीचे वाटते. तिथे किती पाने निघाली यापेक्षा किती प्रती निघाल्या आणि त्या कोणाच्या हातात गेल्या, याला महत्त्व आहे. परीक्षा विभागाच्या क्यूपुरती अशी तळटीप छापण्याची सोय सुरू करावी, असे मी सुचवीन.

सांजवेळ

वेर्णा_क्यूए, परीक्षा विभागापुरते मला मान्य आहे. मात्र प्रत्येक कागदावर नाव छापायचे ठरवले, तर विद्यार्थ्यांना वाटलेल्या टिपणांवरही शिक्षकाचे नाव आणि रात्रीची वेळ उमटेल, आणि ते कोणालाही आवडणार नाही.

वेर्णा_क्यूए

सहमत आहे. सरसकट करू नये. नोंदीचे सामर्थ्य किती असते याचे एक उदाहरण मात्र द्यावेसे वाटते. २०१७ साली अमेरिकेत एक गोपनीय सरकारी अहवाल बाहेर फुटला, तेव्हा तपासात आधी हे पाहिले गेले की तो अहवाल कोणी कोणी छापला होता. नोंदीत फक्त ६ जण निघाले आणि तपास तिथूनच पुढे सरकला. अनेक रंगीत लेझर यंत्रे तर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपकेही कागदावर उमटवतात आणि त्यांतून यंत्राचा क्रमांक व छपाईची वेळ काढता येते. इतके ताकदीचे साधन रोजच्या हजेरीसारखे वापरू नये, या सांजवेळ यांच्या म्हणण्याशी मी म्हणूनच सहमत आहे.

टोनरमित्र

मी गेली अनेक वर्षे दक्षिण गोव्यात प्रिंटर आणि झेरॉक्स यंत्रांची दुरुस्ती करतो. सॉफ्टवेअरवाले सांगत नाहीत अशा दोन-तीन गोष्टी सांगतो.

पावसाळ्यात आपल्याकडे कागद ओल धरतो. रिम फोडून उघडी ठेवली की दोन दिवसांत कागदाच्या कडा वळतात, रोलर एका वेळी दोन-दोन पाने ओढतो आणि कागद अडकतो. आता असे समजा की एका मॅडमनी कार्ड दाखवले, १२ पानांतली चार आली आणि पाचवे अडकले. घंटा झाली, वर्गावर जायचे आहे, म्हणून त्या निघून गेल्या. तासाभराने मी येतो, मागचे दार उघडतो, चुरगळलेले पान ओढून काढतो आणि दार लावतो. दार लागल्याबरोबर यंत्र उरलेली आठ पाने आपोआप छापू लागते आणि ती माझ्या हातात पडतात. कार्ड दाखवलेले असते, नोंद चोख असते आणि गोपनीय कागद परक्याच्या हातात असतो. पगारपत्रके, निकाल, एकदा तर एका चौकशीचा अहवाल, असे बरेच काही मी असे उलटे करून कार्यालयात नेऊन दिले आहे.

बऱ्याच यंत्रांत यासाठी सेटिंग असते: कागद अडकल्यावर ठरावीक मिनिटांत कोणी आले नाही तर उरलेले काम रद्द करावे. ते बहुधा बंद असते. बसवणाऱ्याकडून ते सुरू करून घ्या, आणि त्याच्यासमोर मुद्दाम कागद अडकवून खात्री करून घ्या.

मोजणीचेही असेच आहे. सॉफ्टवेअर सर्व्हरवर आलेली फाइल वाचून पाने मोजते, त्यामुळे न निघालेली आठ पानेही त्या मॅडमच्या नावावर चढतात. यंत्राचा स्वतःचा मीटर विचारून घेण्याची सोय एसएनएमपीद्वारे (नेटवर्कवरून यंत्रांची माहिती विचारण्याच्या पद्धतीने) काही सॉफ्टवेअरमध्ये असते, ती वापरा. मीटरनुसार पैसे घेणाऱ्या कंत्राटदाराचे आकडे आणि सॉफ्टवेअरचे आकडे पहिल्या महिन्यात जुळणार नाहीत. त्यावरून लगेच कोणाला चोर ठरवू नका.

शेवटची गोष्ट भाड्याच्या यंत्रांची. मोठ्या यंत्रांत हार्डडिस्क असते आणि करार संपल्यावर यंत्र जाते तेव्हा ती डिस्कही जाते. न्यूयॉर्कमधील एका आरोग्य विमा संस्थेने भाड्याची झेरॉक्स यंत्रे डिस्क न पुसता परत केली होती. त्यापायी २०१३ साली तिला १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. करारातच लिहून घ्या की डिस्क पुसल्याशिवाय किंवा काढून घेतल्याशिवाय यंत्र आवाराबाहेर जाणार नाही.

रुग्णसेवा

मी एका रुग्णालयाच्या प्रशासनात आहे. कार्ड दाखवून कागद घेण्याची पद्धत आमच्या लेखा विभागात आणि वैद्यकीय नोंदींच्या कक्षात उत्तम चालली, परंतु अपघात विभागात ती आठवड्याभरात काढावी लागली. हातमोजे घातलेल्या परिचारिकेने गळ्यातले कार्ड शोधत राहावे आणि तेवढ्यात रक्तपेढीची मागणी थांबून राहावी, हे बरोबर नव्हते. त्या विभागाचा प्रिंटर कुलूपबंद खोलीत परिचारिकांच्या टेबलाजवळ ठेवला आणि तिथे पूर्वीसारखी थेट छपाई चालू ठेवली. नोंद मात्र होते.

तुमच्या महाविद्यालयातही परीक्षेच्या दिवशी सकाळी नऊ वाजता अशी घाई असणार. आणि सर्व्हर बंद पडला तर काय, याचे उत्तर लेखी तयार ठेवा. वीज गेल्यावर सर्व्हर यूपीएसवर चालू राहतो, पण लेझर प्रिंटर यूपीएसवर जोडत नाहीत. वीज परत आल्यावर थांबून राहिलेली कामे पुन्हा कार्ड मागतात की एकदम सुटतात, हेही एकदा तपासून पाहा.

मुक्तस्रोत

एवढा खर्च करण्याआधी लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली आणि तिच्यावर चालणारी कप्स ही छपाई-व्यवस्था यांचा विचार करावा, असे सुचवतो. कप्समध्ये पानांची नोंद ठेवण्याची सोय मुळातच आहे. फक्त नोंदीचा साचा सुरुवातीला रिकामा असतो आणि तो भरेपर्यंत काहीच लिहिले जात नाही, म्हणून अनेकांना वाटते की ही सोयच नाही. छपाई रोखून धरून मागाहून सोडायची असेल तर सावापेज हे मुक्त सॉफ्टवेअर कप्सवरच चालते. दोन माणसांचा विभाग असला तरी शिकायची तयारी असेल तर हे जमते.

बार्देशकर

मुक्तस्रोत, आपला मुद्दा पटतो, पण २२ यंत्रे तीन-चार बनावटीची असतील आणि प्रत्येकाच्या पडद्यावर कार्ड दाखवून यादी दिसायला हवी असेल, तर ते बनावटीनुसार बसवावे लागते. एक सहकारी रजेवर गेला की सगळा भार एकट्यावर येतो, म्हणून आम्ही विकतचा मार्ग निवडला.

विकत घेतले म्हणून निश्चिंत राहता येत नाही, हेही खरे. पेपरकट या जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक गंभीर त्रुटी निघाली होती, जिच्यामुळे लॉगिन न करताच सर्व्हरवर हवा तो आदेश चालवता येत होता. तिची तीव्रता १० पैकी ९.८ मानली गेली. कंपनीने मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती दिली, आणि एप्रिलमध्ये जे हल्ले झाले ते ती दुरुस्ती न बसवलेल्या सर्व्हरवर झाले. प्रिंट सर्व्हरवर संस्थेतला प्रत्येक गोपनीय कागद काही काळ मुक्कामाला असतो, म्हणून त्याचे प्रशासनाचे पान इंटरनेटवर उघडे ठेवू नका आणि अपडेट लावण्याचा वार ठरवून टाका.

तसेच २०२१ च्या जुलैमध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली (छपाईची कामे रांगेत ठेवणाऱ्या भागातली) 'प्रिंटनाइटमेअर' नावाची त्रुटी उघड झाली आणि त्याच ऑगस्टपासून ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) बसवायला प्रशासकाचे अधिकार लागू लागले. नवी क्यू जोडायला सांगितली की प्रत्येक शिक्षकाच्या पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट येईल. ड्रायव्हर आधीच सर्व संगणकांवर ढकलून ठेवा. डोमेन कंट्रोलरवर (संस्थेतील सगळी लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) प्रिंट सर्व्हर अजिबात ठेवू नका.

तिसवाडी_वकील

कायद्याच्या बाजूने दोन शब्द. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये नोकरीच्या प्रयोजनासाठी, तसेच मालकाचे नुकसान टाळण्यासाठी आणि गोपनीयता राखण्यासाठी कर्मचाऱ्यांचा डेटा वापरण्याची तरतूद आहे. त्यामुळे छपाईच्या नोंदीसाठी प्रत्येकाची संमती घ्यावीच लागेल असे नाही. परंतु तो डेटा सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी संस्थेवरच येते आणि त्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे. म्हणजे आता बसवणारी व्यवस्था पहिल्या दिवसापासून त्या चौकटीत बसवणे सोयीचे ठरेल.

दुसरीकडे, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या असतात. म्हणून 'नोंदच नको' हे उत्तर होऊ शकत नाही, आणि 'कायमची नोंद हवी' हेही नाही. माझा सल्ला असा की एक पानाचे धोरण मराठी व कोंकणीत लिहावे: काय नोंदले जाते, किती दिवस राहते, कोण पाहू शकते आणि कोणाच्या लेखी परवानगीने. सांजवेळ यांनी सांगितलेली यादी फलकावर लावण्यामागे असे कोणतेही धोरण असेल असे वाटत नाही.

सांजवेळ

नव्हते. वकीलसाहेब, 'कोणाच्या लेखी परवानगीने' हे तीन शब्द आमच्याकडे असते, तर निम्मा वाद झालाच नसता. अंत्रुजकर, तुमचे काय ठरले?

अंत्रुजकर

उत्तराला अडीच महिने लागले, त्याबद्दल क्षमस्व. मध्ये चवथीची सुट्टी आणि परीक्षा आल्या.

आपल्या सगळ्यांचे प्रतिसाद छापून, खरोखर कागदावर छापून, मी प्राचार्य आणि खजिनदार यांच्यासमोर ठेवले. ठरले ते असे. पहिल्या टप्प्यात फक्त कार्ड दाखवून कागद घेणे. व्यक्तीनिहाय अहवाल कोणालाही नाही. खजिनदारांना यंत्रनिहाय आकडे मिळतील. फाइलची नावे अहवालात दिसणार नाहीत. ती पाहायची वेळ आलीच तर प्राचार्य आणि शिक्षकांचे एक प्रतिनिधी या दोघांच्या सहीने. खजिनदारांनी सुरुवातीला हरकत घेतली, पण यंत्रनिहाय आकडे पाहिल्यावर त्यांनाच दिसले की सर्वाधिक कागद कार्यालयातल्या यंत्रावर जातो आणि तिथे दोन्ही बाजूंना छापण्याची सेटिंगच बंद होती. ती मी दोन मिनिटांत सुरू केली.

सुरुवात मुख्य कार्यालय आणि परीक्षा विभागातल्या चार यंत्रांपासून केली. पहिल्याच दिवशी कार्डांनी अडवले. हजेरीच्या यंत्राच्या यादीतून सगळ्यांचे कार्ड क्रमांक उचलून सॉफ्टवेअरमध्ये भरले होते, तरी प्रिंटरवर एकही कार्ड ओळखले जाईना. माझे स्वतःचे कार्ड घेऊन बसलो. हजेरीच्या यादीत त्याचा क्रमांक ७७८२३७७२ होता. प्रिंटरच्या रीडरला संगणक जोडून रिकाम्या नोटपॅडमध्ये कार्ड टेकवले, तर ४७८१२६८५२ असा आकडा उमटला. आधी वाटले रीडर बिघडला आहे. मग दोन्ही आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकलेखनात) बदलून एकाखाली एक लिहिले तेव्हा उलगडा झाला: तेच चार बाइट एक यंत्र डावीकडून वाचत होते आणि दुसरे उजवीकडून. सॉफ्टवेअरमध्ये बाइटचा क्रम उलटा करण्याची खूण केली आणि सगळी कार्डे एकदम चालू झाली. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी कार्ड, रीडर आणि नोटपॅड घेऊन हा अर्धा तास आधीच घालवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी अडचण शिक्षकांच्या खोलीतली होती. तिथल्या चार संगणकांवर 'स्टाफ' हे एकच लॉगिन सगळे वापरतात. त्यामुळे कोणीही पाठवलेले काम 'स्टाफ'च्या नावाने थांबून राहत होते आणि कोणाच्याच कार्डावर सुटत नव्हते. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन देणे हाच खरा मार्ग आहे; तोवर छापताना नाव विचारणारी छोटी चौकट लावली आहे.

टोनरमित्र यांनी सांगितल्याप्रमाणे तंत्रज्ञासमोर मुद्दाम कागद अडकवला. दोन यंत्रांनी दार लावताच उरलेली पाने छापली. सेटिंग बदलून घेतल्यावर थांबली. बार्देशकरांनी सांगितलेली तिन्ही पोर्टेही बंधनात आणली आहेत, आणि त्यानंतर दोन संगणकांवरून 'प्रिंट होत नाही' अशी तक्रार आली, तेव्हा थेट जोडलेले प्रिंटर कुठे होते तेही कळले. परीक्षेच्या दिवशी सकाळी रुग्णसेवा यांनी सुचवल्याप्रमाणे एक यंत्र थेट छपाईसाठी कुलूपबंद खोलीत ठेवले होते. त्याची गरज एकदाच पडली.

एक गोष्ट मला फार भावली. आमच्या शिपाईकाकांना सकाळी ट्रे रिकामे करायची सवय आहे. परीक्षा विभागाच्या यंत्राचा ट्रे सलग पंधरा दिवस रिकामाच निघाला, तेव्हा त्यांनी येऊन विचारले की यंत्र बंद पडले आहे का.

टोनरमित्र

वाचून बरे वाटले. न उचललेल्या कामांचे काय करता?

अंत्रुजकर

संध्याकाळी सहा वाजता सर्व्हर ती आपोआप पुसतो. आधी चार तासांची मर्यादा ठेवली होती, पण सकाळी पाठवून दुपारच्या सत्रानंतर कागद घेणारे बरेच आहेत, म्हणून वाढवली. प्राचार्यांची कामे हेडक्लार्क आपल्या कार्डावर सोडू शकतील अशीही सोय द्यावी लागली, नाहीतर प्राचार्यांचे कार्डच हेडक्लार्कांच्या खणात गेले असते.

वेर्णा_क्यूए

प्रश्नपत्रिकेच्या तळटिपेचे काय झाले?

अंत्रुजकर

परीक्षा विभागाच्या क्यूवर ती सुरू आहे: प्रत क्रमांक आणि वेळ. नाव छापत नाही, ते नोंदीत राहते. पुढच्या आठवड्यात उच्च माध्यमिकच्या इमारतीत हीच व्यवस्था जाईल. धोरणाचे पान आणि यंत्राजवळ लावायची सूचना मराठीत तयार आहे. कोंकणी मसुदा मी केला आहे, पण माझ्या कोंकणी लेखनावर माझा पूर्ण भरवसा नाही. कोणी तपासून देईल का?

सांजवेळ

आमच्या कोंकणी विभागातील सहकारी आनंदाने पाहतील. मला संदेशातून पाठवा. आणि धोरणाचे पानही पाठवा. ते मी आमच्या प्राचार्यांना दाखवणार आहे.